दात कशासाठी घासायचे?

एका हिवाळ्यातील गोष्ट आहे. सकाळच्या लोकलने मी खडवलीहून कल्याणकडे निघालो होतो. समोरच्या बाकावर माझ्या वर्गातील एक मुलगा बसला होता. त्या आठवड्यात ताप-खोकल्याची साथ होती. वर्गातील बरीच मुले घरी होती. म्हणून या मुलाने नाकाला रुमाल बांधला होता. टिटवाळा गेल्यावर त्याने पेरू विकत घेतला, रुमाल खाली सरकवला आणि मोठा घास घेतला. पेरूच्या पांढऱ्या गरावर रक्ताचा लाल डाग उमटला.

मी विचारले, "हे काय रे?"

तो हसून म्हणाला, "रोजचंच आहे, सर. दुखत नाही."

खाऊन झाल्यावर त्याने रुमाल पुन्हा नाकावर ओढला. बाहेरून येणाऱ्या शत्रूची त्याला काळजी होती. पण आतून कोणी त्या शत्रूला मदत करत असेल, हे त्याच्या मनातही आले नव्हते.

आपल्या तोंडात जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती आढळतात. हॉलंडमधील लेव्हेनहूक यांनी १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना त्यात हलणारे सूक्ष्म जीव दिसले. जिवाणू हा स्वतंत्र जीव आहे. तो स्वतः खातो आणि वाढतो. विषाणू मात्र आपल्या पेशीत शिरल्याशिवाय वाढू शकत नाही. सर्दी, फ्लू, गोवर हे विषाणूंचे रोग आहेत. हे दोघे वेगळे आहेत, म्हणून त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, असे आपण समजतो. खरी गोष्ट तशी दिसत नाही.

फ्लूचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला. ती तुमच्याच वयाची शाळकरी मुलगी होती. त्या विषाणूचे नाव 'एच-वन एन-वन'. यातील 'एन' म्हणजे न्यूरामिनिडेज. या पदार्थाला आपण कात्री म्हणू. पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर पडताना पेशीलाच चिकटून राहतात. ही कात्री तो चिकटलेला धागा कापते. मग विषाणू सुटतात आणि पुढच्या पेशीवर हल्ला करतात. फ्लूची काही औषधे हीच कात्री बोथट करतात.

आता नवलाची गोष्ट ऐका. तोंडातील काही जिवाणूंजवळही अशीच कात्री असते. आपल्या लाळेतून अन्न मिळवण्यासाठी ते ती वापरतात. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली प्रयोगशाळेत पाहिले, की अशा जिवाणूंमुळे फ्लूचे विषाणू पेशीतून अधिक प्रमाणात सुटले आणि एका औषधाचा प्रभावही कमी झाला. हिरड्यांचा रोग करणारा एक जिवाणू तर वेगळेच काम करतो. त्याने तयार केलेल्या आम्लामुळे पेशीत झोपलेला एच.आय.व्ही. विषाणू जागा होतो, असे २००९ साली प्रयोगशाळेत दिसले.

तुम्ही म्हणाल, "सर, प्रयोगशाळेतील पेशी वेगळी आणि माणूस वेगळा." तुमचे म्हणणे बरोबर आहे. प्रयोगशाळेत दिसले ते माणसात तसेच घडेल, असे लगेच म्हणता येत नाही. पण जपानमध्येच वृद्ध लोकांवर केलेली एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. ज्या ९८ जणांचे तोंड तज्ज्ञांकडून नियमित साफ केले जात होते, त्यांपैकी एकालाच फ्लू झाला. दुसऱ्या गटातील ९२ जणांपैकी नऊ जणांना झाला. ही पाहणी लहान आहे. तिच्यावरून शेवटचा निकाल देता येणार नाही. पण विचार करायला ती पुरेशी आहे.

मग सगळेच जिवाणू मारून टाकावेत का? मुळीच नाही. बरेचसे जिवाणू आपले शेजारी आहेत. त्यांनी जागा धरलेली असते, म्हणून वाईट जिवाणूंना जागा मिळत नाही. प्रतिजैविके खूप दिवस घेतली, तर कधी कधी तोंडात बुरशी वाढते. त्याचे एक कारण हेच आहे. मोहल्ला ओस पाडून तो साफ होत नाही. रोज झाडून साफ होतो. तोंडाचेही तसेच आहे.

म्हणून माझे मत असे, की दात चमकावेत एवढ्यासाठीच ते घासायचे, हा विचार आपण सोडला पाहिजे. दात घासणे हा आजारापासून बचाव करण्याचा एक भाग आहे. मिसवाक असो, कडुनिंबाची काडी असो की ब्रश, साधनावरून वाद नको. रात्री झोपण्यापूर्वी तोंड साफ झाले पाहिजे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जिवाणूंना मोकळे रान मिळते. मिश्री आणि गुटखा यांनी मात्र तोंड साफ होत नाही, ते बिघडते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी रस्त्याच्या कडेला रिकाम्या पुड्या दिसतात, ही दुःखाची गोष्ट आहे. शाळेत आरोग्य तपासणी होते, तेव्हा वजन आणि डोळे यांच्याबरोबर हिरड्याही नीट पाहिल्या जाव्यात.

यामुळे लस नको किंवा रुमाल नको, असे कोणी समजू नये. दाराला कुलूप लावायचेच. पण घरातील कोणी आतून कडी काढत नाही ना, हेही पाहायचे.

आज पेरू किंवा सफरचंद खाल, तेव्हा गराकडे एकदा नीट बघा. लाल डाग दिसला, तर पुसून टाकू नका. घरी अम्मीला सांगा आणि दवाखान्यात जाऊन दाखवा.