फुकटात युरोप?

"भाचा क्रूझवर, म्हणजे फुकटात युरोप!" असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मला राहवत नाही. वार्नेमुंडे बंदरातून प्रवासी आगगाडीने बर्लिनला जातात, जाऊन-येऊन सहा तास. भाच्याला मिळतात दोन, तेही दुपारची जेवणं वाढून झाल्यावर. टालिनचं जुनं शहर धक्क्यापासून चालत गाठता येतं, म्हणून तेवढं नीट पाहून झालं. बर्गनची लाकडी घरं धावतपळत.

२००६ च्या सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हवी, पण ती दोन तुकड्यांत दिली तरी चालते. म्हणजे गाव बघायचं तर झोप मोडायची! किनाऱ्यावर उतरू द्यावं, हेही करारात आहे. मात्र कामाची सोय पाहून. माझ्या मते आठवड्यातून एका बंदरात तरी सलग सहा तास सुट्टी द्यायलाच हवी.

आणि मंडळी, त्याला चॉकलेटं आणायला सांगू नका. दुकान शोधण्यात त्याचा तास जातो.