जुन्या खेळाच्या नव्या जमिनी

सुटीत वर्ध्यास आलेला आमचा पुतण्या ‘डूम’ नामक १९९३ सालच्या संगणकीय खेळातील जमिनींस नवे, रेखीव रूप देण्यात गढून गेला होता. मूळ जमिनीचा एकेक चौकोन अवघा ६४ गुणिले ६४ ठिपक्यांचा. त्याचा १०२४ गुणिले १०२४ चा, म्हणजे २५६ पट ठिपक्यांचा! या वाढीव ठिपक्यांत भरावे काय, हाच खरा प्रश्न होय. ऊनसावली उमटू नये म्हणून ढगाळ दिवस पाहून त्याने अंगणातील मातीचे छायाचित्र घेतले व शेजारच्या चौकोनाशी सांधा दिसू नये अशा कडा जुळविल्या. परंतु एक पांढरा खडा राहून गेला. तोच खेळात पावलोपावली ओळीने उगवला! शिवाय बारकावे इतके झाले की, जुना खेळ ओळखूच येईना. पोर हिरमुसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास सेवाग्रामी नेले. बापू-कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच उठविलेले ताडवृक्ष तो बराच वेळ पाहत राहिला. तेथे कलाकुसर आहे. पण भिंत भिंतच राहिली आहे. घरी येताच त्याने खडा पुसला आणि निम्मे बारकावेही. जुन्या वाड्यास हात लावणाऱ्या आमच्या वाचकांनीही एवढे ध्यानी धरावे: मूळ कर्त्याने जे सुचविले, तेच स्पष्ट करावे, आपली हौस त्यावर लादू नये.