तारखेचा पदपरिस्फोट

०१/०५/१९९९. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला तो हा दिवस, १ मे. पायथॉन या संगणकभाषेतील ‘डेटयुटिल’ हे तारखा वाचणारे साधन मात्र, वेगळी सूचना न मिळाल्यास, अमेरिकी रीतीने महिना आधी धरते आणि जिल्ह्याचा जन्म ५ जानेवारीला लावून मोकळे होते. त्याच रकान्यात पुढे १३/०५/१९९९ आले, की तेरावा महिना नसतो म्हणून मुकाट्याने १३ मे वाचते. एकाच पानावर दोन व्याकरणे, आणि तक्रार कुठेही नाही!

जुनी पत्रे, नियतकालिके यांच्या सूची संगणकावर चढवताना ‘हे तंत्रज्ञांचे काम’ असे म्हणून आपण साहित्याचे लोक यापासून दूर राहतो. मला हे मान्य नाही. शाळेत ज्याला पदपरिस्फोट म्हणत, तेच येथे चालले आहे. आणि संदर्भ न पाहता केलेला पदपरिस्फोट आपण विद्यार्थ्याचाही खपवून घेत नाही.

‘नोंदी लाखभर आहेत, यंत्रालाच ओळखू द्या’ ही वेगाची सबबही टिकत नाही. ओळखू पाहणारे यंत्र प्रत्येक ओळीपाशी नव्याने तर्क लढवते, म्हणून तेच संथ असते. ‘दिवस, महिना, वर्ष’ असा साचा एकदा सांगितला की काम झपाट्याने होते, शिवाय साच्यात न बसणारी नोंद तिथेच अडते. ‘वर्ष, महिना, दिवस’ या आंतरराष्ट्रीय क्रमासाठी तर पायथॉनमध्ये स्वतंत्र आणि त्याहून वेगवान सोय आहे.

खरी कसोटी तिथीची. जेधे शकावलीत शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा येतो. शकात ७८ मिळवण्याचा सोपा नियम १६२९ देतो. परंतु फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेले असते, म्हणून ७९ मिळवायचे. गोंदियाच्या सीमेपलीकडे, हिंदी मुलखातल्या पौर्णिमान्त पंचांगात, हाच पंधरवडा चैत्र कृष्ण ठरतो. आता १९ फेब्रुवारी १६३० ही शासनमान्य तारीख पायथॉनला द्यावी, तर वार मंगळवार येतो. कारण ती तारीख ज्युलियन गणनेतली. पायथॉन ग्रेगोरियन गणनाच मागे ओढत नेतो, आणि तीत तो शुक्रवार १ मार्चला पडतो.

सूचीत मूळ नोंद जशीच्या तशी एका रकान्यात राहावी, लावलेली तारीख शेजारच्या रकान्यात यावी, आणि ती कोणत्या गणनेने लावली हे तिसऱ्यात लिहावे, एवढाच माझा आग्रह आहे.