चौसष्ट वर्षांनी लागलेला निकाल



न्यू जर्सीत शिकणारा माझा नातू परवा फोनवर म्हणाला, "आजोबा, प्रिन्स्टनकडे फुटबॉलची २८ राष्ट्रीय अजिंक्यपदं आहेत!" मी विचारलं, "ती दिली कोणी?" स्वारी गप्प. मग मीच शोधाशोध केली आणि माझ्यातला मास्तर खवळला.

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविकला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. एकेका बाजूला २५ खेळाडू, चेंडू हातात घेऊन पळायला बंदी. रटगर्स ६-४ ने जिंकलं. आठवड्याभराने प्रिन्स्टनने ८-० अशी परतफेड केली. संपला हंगाम! दोन संघ, दोन सामने, एकेक विजय. यात राष्ट्रीय विजेता आला कुठून?

तो आला १९३३ साली! पार्क डेव्हिस या इतिहासकाराने १८६९ पासूनच्या विजेत्यांची यादी छापली. गृहस्थ स्वतः प्रिन्स्टनचे माजी खेळाडू. त्यांनी जुन्या नोंदी कष्टाने जमवल्या, प्रतिस्पर्धी येललाही भरभरून दिलं, हे मान्य. माझा आक्षेप त्यांच्या सचोटीवर नाही, त्या खुर्चीत बसण्यावर आहे. जी परीक्षा झालीच नाही तिचा निकाल लावायचा, आणि तोही आपल्याच शाळेच्या मास्तरांनी?

प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी १९२६ मध्ये गणिती सूत्र काढलं. पण नोटर डेमचे प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या आग्रहावरून ते १९२४ पर्यंत मागे नेलं, आणि त्या वर्षीचा विजेता ठरला नोटर डेमच!

एवढ्या तावातावाने का लिहितोय? एकदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. दोन मुलं अगदी बरोबरीची. मी एक गुण जास्त दिला तो माझ्या शाळेच्या मुलाला. दुसऱ्या शाळेतल्या त्या मुलीचा चेहरा अजून आठवतो. कदाचित तो गुण योग्यही असेल. पण तो देण्याचा अधिकार मला नव्हता. मी उठून जायला हवं होतं.

२०१४ च्या हंगामापासून तिथे अजिंक्यपदासाठी बाद फेरी असते, मैदानावर. उत्तम! मग जुन्या फलकांवरही खरं तेच लिहा : १८६९, बरोबरी. त्यात कोणाचीच नामुष्की नाही.

नातवाला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "आजोबा, त्या मुलीला कधी सांगितलंत?"

नाही. म्हणून आज इथे लिहिलं.