फसलेल्याची तक्रार मराठीतून घ्या!

चोर आता कौले काढून घरात उतरत नाही. तो फोनवरून येतो, 'सर, मॅडम' म्हणत अदबीने बोलतो आणि आपणच त्याला दार उघडून देतो.

संगणकावर काही वाचत बसले असता पडद्यावर एकाएकी लाल चौकट उमटते, भोंगा वाजू लागतो. 'तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, संगणक बंद करू नका, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा' असा इंग्रजीतून दम भरला जातो. घाबरलेला माणूस फोन लावतो. पलीकडचा 'इंजिनिअर' एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर उतरवून घ्यायला सांगतो आणि त्या क्षणापासून आपला पडदा त्याच्या हाती जातो. मग तो संगणकातील एक यादी उघडून दाखवतो, तीत 'एरर' हा शब्द जागोजागी असतो. ही यादी प्रत्येक चांगल्या संगणकातही असते, हे आपल्याला ठाऊक नसते! कधी तो 'पैसे परत करतो' म्हणून बँकेचे पान उघडायला लावतो, पानावरचे आकडे आपल्या डोळ्यांदेखत बदलतो आणि 'चुकून जास्त रक्कम गेली, उरलेली परत पाठवा' म्हणून रडतो. हेच सोंग फोनवरही चालते. फ्रिज बिघडला, बँकेचे ॲप चालेना म्हणून आपण गुगलवर 'कस्टमर केअर' शोधतो आणि हाती लागतो तो ठकाचा क्रमांक. या एनीडेस्कच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ती सूचना आमच्या वाड्यावाड्यांतून किती जणांच्या कानी पडली?

ओळखायची खूण अगदी सोपी आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला, की ते सोंग समजावे. 'आल्ट' आणि 'एफ-४' दाबून खिडकी बंद करावी. न झाल्यास बटण दाबून धरून संगणकच बंद करावा. काही बिघडत नाही.

पेडणे, डिचोलीतील आपल्या जुन्या घरांची आजची स्थिती पाहा. मोठे घर, चौक, तुळशीवृंदावन, आणि राहणारी माणसे दोन. मुले मुंबई-पुण्याला किंवा आखातात. खात्यात निवृत्तिवेतन, मुलांनी पाठवलेले पैसे, कुठे जमिनीच्या व्यवहाराची रक्कम. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. पेडण्यातील जमिनीला काय भाव आला हे सर्वांनाच माहीत आहे. ठकालाही आहे. आणि फसगत झाली तर पहिला विचार येतो तो घराण्याच्या अब्रूचा! 'शेजारी कळता कामा नये, मुलांना सांगू नकोस.' या लपवालपवीत जे दोन-तीन तास जातात, तेवढ्यात पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात निघून गेलेला असतो.

लाजावे असे यात काय आहे? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. ही मंडळी अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी बनून तिथल्या लोकांना लुबाडत होती. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील केंद्रांवर धाडी पडल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने देशभर 'ऑपरेशन चक्र-२' राबविले, त्यातही खोटे तांत्रिक मदतनीस होतेच. आपल्या गोव्यातही भाड्याच्या जागेत चालणारी अशी केंद्रे पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी ते अमेरिकन फसले, तिथे आपल्या आजोबांना 'एवढेही कळले नाही?' म्हणून बोलणाऱ्या नातवंडांनी जरा थांबावे. (तरुणांना दुसरेही सांगायचे आहे: महिन्याला चार पैसे मिळतात म्हणून आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला देऊ नका. लुटीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो आणि पोलीस पहिल्यांदा दारात येतात ते खातेदाराच्या.)

फसगत झालीच, तर इंटरनेट तोडावे, आणि दुसऱ्या फोनवरून १९३० ला व बँकेला कळवावे. बँकेचा क्रमांक पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्यावा, गुगलवरचा नव्हे. तक्रार क्रमांक व वेळ लिहून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिले, की ग्राहकानेच ओटीपी दिला असला तरी बँकेला कळविल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसेच परिपत्रक निघाले. म्हणून शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. महिनाभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून. ते दूरचे ॲप आधी काढून टाकावे. आणि काही दिवसांनी 'तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा' असा फोन आला, तर तो त्याच टोळीचा पाहुणा समजावा.

आता सरकारकडे. सायबर पोलीस ठाणे आहे रायबंदरला. पेडण्याच्या म्हाताऱ्या माणसाने तिथवर खेटे का घालावेत? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. तोंडी सांगितलेली पोलिसांनी लिहून घ्यायची आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवायची असते. वाचून दाखवायची, तर त्याला कळेल अशा भाषेत नको का? १९८७ च्या राजभाषा कायद्यात शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद आहे. ती काय केवळ कागदावर ठेवण्यासाठी? पेडणे आणि डिचोली ठाण्यांत मराठी तक्रार बिनतक्रार घेतली जावी, आणि १९३० हा क्रमांक मराठी फलकावर प्रत्येक पंचायत, बँक व टपाल कचेरीबाहेर लागावा. येत्या ग्रामसभेत आपापल्या पंचायतीपुढे हा ठराव मांडा, आणि तो इतिवृत्तात नोंदवला गेला की नाही हे सचिवांकडून तपासून घ्या.