ससोबांची तलवार

परवा नातवाने एक चित्रकथा हातात ठेवली. "आजी, वाच तर खरं!" पाहते तो काय, कमरेला तलवारी लावलेला ससा! लांब कान वर बांधून त्यांचीच शेंडी केलेली. मला हसूच आलं.

तर मंडळी, हा 'उसागी योजिम्बो'. स्टॅन साकाई 1984 पासून याच्या गोष्टी रचताहेत. कथा त्यांची, चित्रं त्यांची, संवादांची अक्षरंसुद्धा त्यांच्याच हातची. काळ सतराव्या शतकातल्या जपानचा. धनी गमावलेला हा सामुराई गावोगाव हिंडतो. मियामोतो मुसाशी या प्रसिद्ध तलवारबहाद्दरावरून तो बेतलाय. एका गोष्टीत तर भलामोठा पतंग कसा करतात, तेही सविस्तर दाखवलंय.

चाळीस वर्षं वाचक याच्यावर जीव टाकतात, ते काही ससा गोंडस आहे म्हणून नव्हे. माझं मत विचाराल तर, साकाई वाचकाला लहान समजत नाहीत म्हणून. मारामारी संपल्यावर गेलेल्या माणसाचं दुःखही तिथे दिसतं.

आणि मी? धड्याच्या पुस्तकाआड लपवलेली चित्रांची किती पुस्तकं जप्त केली! "अवांतर वाचा" म्हणायचं आणि पोर वाचायला लागलं की हिसकावून घ्यायचं. एकजण रडला होता. त्याच्या पुस्तकात काय होतं, हे मी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

असो. न वाचता निकाल देऊ नये, एवढं सत्तरीनंतर तरी शिकले. नातवाकडे पुढचा भाग मागितलाय.