आकाशातून पडलेले जाते

दिवाळी तोंडावर आली की लालबागच्या पिठाच्या गिरण्यांपुढे भाजणीच्या डब्यांची रांग लागते. दळण तासभर लांबले की आपण कुरकुर करतो. मला मात्र अशा वेळी विमानातून टाकलेल्या जात्याची आठवण होते.

गोष्ट पहिल्या महायुद्धातील. ऑक्टोबर १९१४ मध्ये हिंदी फौजेची पहिली तुकडी मुंबई बंदरातून इराणच्या आखाताकडे निघाली. पुढे डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडच्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी तैग्रिसकाठच्या कुत गावी वेढले. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. परळ-लालबागच्या गिरण्यांत ज्या रत्नागिरी-साताऱ्यातून माणसे आली, तिथलेच हे शिपाई!

बाहेरच्या विमानांत ‘बी.ई. २सी’ होते. दुहेरी पंखांचे, दोन आसनांचे. पुढे टेहळ्या, मागे वैमानिक. एडवर्ड बस्क या तरुण इंजिनियरने १९१४ मध्ये त्याची घडण अशी बदलली, की हात सोडले तरी ते आपला तोल आपण सांभाळी. हेतू सरळ होता : वैमानिकालाही खाली पाहता यावे, नकाशा काढता यावा. पण १९१५ मध्ये जर्मनांची फोकर विमाने मशीनगन घेऊन आली आणि हाच गुण अंगाशी आला. गरीब बैलासारखे ते विमान झटकन वळेना. टेहळ्याने बंदूक उचलावी, तर चहूकडे पंख आणि तारा!

कुतच्या आकाशात मात्र या टेहळ्या विमानांवर हमालाचे काम आले. वेढ्यात धान्य दळण्यासाठी जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले गेले. घोड्याचे मांस खाण्यास अनेक हिंदी शिपायांनी आधी नकार दिला होता. भाकरीवाचून गत नव्हती. एप्रिल १९१६ च्या उत्तरार्धात विमानांनी सोळा हजार पौंडांहून अधिक अन्न टाकले. काही पोती नदीत, काही तुर्कांच्या खंदकात पडली. आत तेरा हजारांच्या आसपास तोंडे. पंधरवड्यात माणशी जेमतेम सव्वा पौंड! २९ एप्रिलला कुत पडले. कैदेत हजारो मेले.

आज महापुरात हेलिकॉप्टरमधून अन्नाची पाकिटे पडतात, त्या कामाचा पहिला मोठा प्रयत्न हाच. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा महायुद्धावर गेलेल्यांची संख्या कोरलेली दगडी पाटी तिथे आहे का, ते पाहा. त्या आकड्यात कुतचा उपाशी शिपाईही असेल.